अ‍ॅराबिडॉप्सिस या रानरोपावर इतके संशोधन का होते? द्राक्ष आणि कांद्याला त्याचा काही उपयोग आहे का?

बागाईतदार, दिंडोरी

सर्वांना नमस्कार.

दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे आणि जोडीला उन्हाळ कांदा असतो. माझ्या धाकट्या मुलीने नाशिकमधूनच वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. पूर्ण केले आणि यंदा तिला पुण्यातील एका संशोधन संस्थेत पीएच.डी.साठी प्रवेश मिळाला. घरात सर्वांना त्याचा मनापासून आनंद आहे. ज्या वनस्पतीवर तिला काम करायचे आहे तिचे नाव अ‍ॅराबिडॉप्सिस थॅलियाना. तिने पाठवलेल्या छायाचित्रात जमिनीला चिकटून असलेला पानांचा लहानसा झुपका दिसतो. त्यातून वीतभर उंचीचा बारीक दांडा वर आला आहे आणि टोकाला चार पाकळ्यांची पांढरी फुले आहेत, जी शेजारी ठेवलेल्या मोजपट्टीवर जेमतेम तीन-चार मिलिमीटर भरतात. या झाडाला ना फळ, ना भाजी, ना औषध म्हणून काही मोल, असे तिनेच सांगितले.

माझे थोरले बंधू बाग सांभाळतात. त्यांचे म्हणणे असे, की डावणी आणि भुरी या रोगांनी दरवर्षी बाग हैराण होते, ढगाळ हवामानात घड जिरतात, काही वर्षी तर घडाच्या जागी नुसती बाळी, म्हणजे वेलीचा तणावा, निघते. असे असताना हुशार मुलांनी उमेदीची पाच-सहा वर्षे द्राक्षावर न घालवता युरोपातल्या एका रानरोपावर का घालवावीत? मुलगी तिच्या परीने समजावून सांगते, पण घरच्या बोलण्यात मुद्दा पुरा होत नाही. म्हणून जाणकारांना विचारतो, की शास्त्रज्ञांनी हेच रोप का निवडले, आणि त्यावर शिकलेली एखादी गोष्ट खरोखर शेतापर्यंत पोहोचली आहे का? उत्तर मोठे झाले तरी चालेल.

वनस्पतिशास्त्र, गंगापूर रोड

दादा, प्रथम मुलीचे अभिनंदन. मी नाशिकमध्ये अनेक वर्षे पदवीच्या वर्गांना वनस्पतिशास्त्र शिकवले आहे आणि आपल्या बंधूंनी विचारलेला प्रश्न वर्गातही दरवर्षी येत असे. तो अगदी रास्त आहे.

अ‍ॅराबिडॉप्सिस हे मोहरी, मुळा आणि कोबीच्या कुळातील रोप आहे. सोळाव्या शतकात योहानेस थाल या जर्मन वैद्याने हार्ट्झ पर्वतातील वनस्पतींचे वर्णन करताना त्याची नोंद केली आणि थॅलियाना हे नाव त्याच्यावरूनच पडले. युरोपात ते रस्त्याकडेला आणि पडीक जमिनीवर उगवते. आपल्याकडे पश्चिम हिमालयातही त्याच्या नैसर्गिक वसाहती आहेत आणि भारतीय शास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास केला आहे. जर्मनीतील फ्रीड्रिश लायबाख यांनी १९०७ मध्ये या रोपात गुणसूत्रांच्या अवघ्या पाच जोड्या असल्याचे दाखवले आणि १९४३ मध्ये आनुवंशशास्त्रासाठी हेच रोप वापरावे असे सुचवले. त्या सूचनेकडे जगाचे खरे लक्ष गेले ते मात्र १९८० नंतर.

निवडीमागची कारणे व्यवहाराची आहेत. बीपासून बीपर्यंतचा फेरा साधारण सहा ते आठ आठवड्यांत पूर्ण होतो, म्हणजे एका वर्षात सहा पिढ्या पाहता येतात. द्राक्षाच्या बीपासून वाढवलेल्या वेलीला फळ धरायलाच काही वर्षे लागतात, हे बागाईतदाराला मी सांगायला नको. हे रोप स्वपरागित असल्यामुळे वाण शुद्ध राहतो. एका झाडापासून हजारो बिया मिळतात आणि एका ग्रॅममध्ये सुमारे ५०,००० बिया मावतात. एका खोलीतील मांडणीवर हजारो झाडे वाढवता येतात आणि लाखो बियांतून हवे ते एखादे बदललेले रोप शोधून काढता येते.

याहून मोठे कारण त्याच्या जीनोममध्ये, म्हणजे त्याच्या संपूर्ण आनुवंशिक मजकुरात, आहे. हा जीनोम सुमारे १३.५ कोटी अक्षरांचा आहे. द्राक्षाचा जवळपास ५० कोटींचा, तर आपल्या कांद्याचा सुमारे १,६०० कोटींचा. जीनोमचा आकार वाढला म्हणून जनुकांची संख्या त्या पटीत वाढत नाही, मधला पुनरावृत्त भाग तेवढा वाढतो; म्हणून लहान जीनोममध्ये जनुक शोधणे कितीतरी सोपे जाते. डिसेंबर २००० मध्ये अ‍ॅराबिडॉप्सिसचा जीनोम प्रसिद्ध झाला. असा संपूर्ण क्रम वाचली गेलेली ही जगातील पहिली वनस्पती. त्यानंतर भात आणि पॉप्लर वृक्ष, आणि २००७ मध्ये द्राक्ष. द्राक्षाचा जीनोम वाचणाऱ्या फ्रेंच आणि इटालियन गटांना समोर आलेल्या हजारो जनुकांपैकी कोणते कशाचे हे ओळखायचे होते, तेव्हा त्यांनी ताडून पाहण्यासाठी प्रामुख्याने याच रोपाची यादी वापरली. द्राक्षाच्या आजच्या जीनोम-याद्या उघडल्या तरी जनुकासमोर अ‍ॅराबिडॉप्सिसमधील भावंडाचे, म्हणजे मूळ एकच असलेल्या जनुकाचे, नाव लिहिलेले दिसते.

एक उदाहरण मला फार प्रिय आहे. फुलात बाहेरून आत निदले, पाकळ्या, पुंकेसर आणि स्त्रीकेसर असा क्रम असतो. हा क्रम ठरवतो कोण? १९९१ मध्ये एन्रिको कोएन आणि एलियट मायरोविट्झ यांनी अ‍ॅराबिडॉप्सिस आणि स्नॅपड्रॅगन यांच्या बिघडलेल्या फुलांवरून दाखवले, की जनुकांचे तीन वर्ग मिळून हे ठरवतात. अगॅमस नावाचे जनुक निकामी झालेल्या अ‍ॅराबिडॉप्सिसच्या फुलात पुंकेसरांच्या जागी पाकळ्या येतात आणि फूल आतून पुन्हापुन्हा पाकळ्यांनीच भरत जाते. पुढे गुलाबात पाहिले तेव्हा भरगच्च पाकळ्यांच्या वाणांमध्ये याच जनुकाच्या भावंडाचे कार्यक्षेत्र आक्रसलेले आढळले. ज्या शहराला एके काळी गुलशनाबाद म्हणत आणि ज्याच्या परिसरात आज पॉलीहाउसमध्ये गुलाब पिकतो, तेथील विद्यार्थ्यांना मी हे उदाहरण नेहमी आवर्जून सांगत आले.

निफाडचा, आता प्रयोगशाळेत

मॅडमनी पाया उत्तम घालून दिला आहे. मी वनस्पतींच्या संजीवकांवर, म्हणजे त्यांची वाढ नियंत्रित करणाऱ्या द्रव्यांवर, काम करतो आणि माझे मूळ गाव निफाड तालुक्यात आहे, त्यामुळे बंधूंनी उल्लेख केलेल्या बाळीवरच मी सविस्तर लिहितो. अ‍ॅराबिडॉप्सिसवर शिकलेली गोष्ट शेतापर्यंत कशी येते याचे इतके नेमके उदाहरण मला दुसरे सुचत नाही.

१९८० च्या दशकात नेदरलँड्समधील मार्टेन कोर्नीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अ‍ॅराबिडॉप्सिसचे एक बुटके, गडद हिरवे रोप मिळाले. जिबरेलिक अ‍ॅसिड, म्हणजे आपण बागेत वापरतो तेच जीए, फवारले तरी ते उंच होत नव्हते. जीए कमी असलेली बुटकी रोपे फवारणीनंतर उंच होतात. या रोपात जीए मुबलक होते, पण रोपाला ते कळतच नव्हते. १९९७ मध्ये इंग्लंडमधील नॉर्विच येथील जॉन इनस सेंटरमध्ये निकोलस हारबर्ड यांच्या गटाने यामागचे जनुक वेगळे केले. त्याचे नाव जीएआय. या जनुकापासून तयार होणारे प्रथिन पेशीची वाढ रोखून धरते, आणि जीए आले की ते प्रथिन नष्ट होऊन वाढ मोकळी होते. बुटक्या रोपातील प्रथिनाचा एक छोटा तुकडा गळालेला होता. नेमका तोच तुकडा जीएचा संदेश स्वीकारण्यासाठी लागतो, त्यामुळे प्रथिन नष्ट होत नव्हते आणि रोप खुजेच राहत होते.

दोन वर्षांनी, १९९९ मध्ये, त्याच गटाने दाखवले की हरितक्रांतीच्या बुटक्या गव्हातील जनुके ही या जीएआयचीच गव्हातील भावंडे आहेत. मेक्सिकोमधून आलेला आणि निफाडच्या गहू संशोधन केंद्राच्या परिसरातील शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे पाहिलेला आखूड दांड्याचा, खत दिले तरी न लोळणारा गहू बुटका का, याचे रेणूच्या पातळीवरील उत्तर एका वीतभर रोपातून मिळाले. गहू आधी पिकला आणि कारण नंतर कळले, हे मी मुद्दाम नमूद करतो; परंतु कारण कळल्यामुळेच पुढची गोष्ट घडली.

फ्रान्समध्ये पिनो मूनिए नावाची द्राक्षाची जात आहे, जिच्या कोवळ्या पानांवर दाट पांढरी लव असते. या वेलीच्या केवळ बाहेरच्या पेशीथरात एक जनुकीय बदल आहे, आतल्या थरांत नाही. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेड येथे पॉल बॉस आणि मार्क थॉमस यांनी त्या बाहेरच्या थरातील पेशींपासूनच संपूर्ण वेल तयार केली. ती वेल बुटकी निघाली, आणि त्याहून विशेष म्हणजे ज्या ज्या पेरावर बाळी यायला हवी होती तिथे तिथे तिला घड लागले. जनुक तपासले तेव्हा ते अ‍ॅराबिडॉप्सिसच्या जीएआयचे द्राक्षातील भावंड होते आणि त्यात एका अमिनो आम्लाची अदलाबदल झालेली होती. हे काम २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातून निघालेला अर्थ असा, की बाळी आणि घड यांची सुरुवात एकाच प्रकारच्या अंकुरापासून होते. जीएचा संदेश प्रबळ असेल तर तो अंकुर बाळी होतो, दबलेला असेल तर घड होतो.

आता आपली बाग डोळ्यांसमोर आणा. एप्रिलमधील खरड छाटणीनंतर काडीतील डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती होते, आणि त्या काळात शेंडा जोमाने पळत राहिला, ढगाळ हवा राहिली, तर काडीत घड कमी धरतात, हे आपले वडीलधारे पूर्वीपासून जाणतात. त्यासाठी शेंडा मारतात आणि सीसीसी फवारतात. सीसीसी म्हणजे क्लोरमेक्वाट. ते वनस्पतीत जीए तयार होण्याच्या साखळीत सुरुवातीलाच अडथळा आणते. जीएने अंकुर बाळीकडे झुकतो हे प्रयोगांतून आधीच दिसले होते आणि फवारणीची पद्धतही त्यापूर्वीची आहे, त्यामुळे ती या जनुकामुळे सुरू झाली असा दावा मी करणार नाही. जनुकामुळे काय मिळाले, तर या सगळ्यामागे कोणता दुवा आहे याची खात्री पटली. जीए कधी द्यावे, किती द्यावे आणि कोणत्या अवस्थेत त्यापासून दूर राहावे, याचा विचार आता नुसत्या अनुभवावर अवलंबून राहत नाही.

याच बुटक्या वेलींना संशोधक मायक्रोवाइन म्हणतात. कुंडीत मावणाऱ्या आणि वर्षभर घड देत राहणाऱ्या या वेलींमुळे द्राक्षावरच्या प्रयोगांचा वेग वाढला. आपल्या बंधूंना हवे असलेले द्राक्षावरील संशोधन वेगाने करता येईल असे साधन या रानरोपावरच्या कामातून समजले, एवढे त्यांना जरूर सांगा.

कृषी पदवीधर, लासलगाव

वरील दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत आणि त्यांतील माहितीबद्दल माझा वाद नाही. तरीही दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते, कारण अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये जे दिसले ते पिकात दिसेलच असे धरून चालणे धोक्याचे आहे.

हे रोप वर्षायू आहे. त्याला खरे लाकूड नाही, वर्षानुवर्षे टिकणारी काडी नाही, सुप्तावस्थेत जाऊन छाटणीनंतर फुटणारे डोळे नाहीत. आपली द्राक्षे आज मोठ्या प्रमाणावर डॉगरिजसारख्या खुंटावर कलम केलेली असतात, आणि खुंट क्षारांचे काय करतो, पाण्याचा ताण कसा सोसतो, त्याचा वरच्या जातीशी मेळ कसा बसतो, या प्रश्नांची उत्तरे शेवटी द्राक्षातच शोधावी लागतात. घडात साखर कशी उतरते, मण्याला तडा का जातो, हेही शेंग धरणाऱ्या झाडात पाहता येत नाही. मुळांशी सहजीवन करणाऱ्या मायकोरायझा बुरशीशी तर अ‍ॅराबिडॉप्सिसचे सख्य जुळतच नाही. त्याच्या कुळातील बहुतेक वनस्पतींनी ती क्षमता गमावली आहे. त्यामुळे मुळे आणि या बुरशी यांच्या नात्याचा अभ्यास भात किंवा मेडिकॅगोसारख्या दुसऱ्या वनस्पतींवर करावा लागला. मूलभूत संशोधनाला पैसा मिळावाच, पण त्यातून हाती आलेले ज्ञान पिकात तपासून पाहणाऱ्या माणसांना आणि केंद्रांनाही तितकाच मिळावा, अशी माझी ठाम भूमिका आहे. आपल्याकडे ही मधली कडी अशक्त आहे.

कांद्याच्या बाबतीत मात्र एक गोष्ट मान्य केली पाहिजे. पानांना दिवसाची लांबी कळते आणि फूल येते शेंड्याला, मग पानाकडून शेंड्याकडे निरोप कोण नेतो, हा प्रश्न १९३० च्या दशकापासून पडून होता. अ‍ॅराबिडॉप्सिसमधील उशिरा फुलणाऱ्या रोपांवरून एफटी नावाचे जनुक सापडले आणि २००७ मध्ये अ‍ॅराबिडॉप्सिस व भात या दोन्हींत सिद्ध झाले, की एफटीपासून तयार झालेले प्रथिनच पानातून शेंड्याकडे जाते. पुढे २०१३ मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी कांद्यात याच घराण्यातील जनुके तपासली. त्यांपैकी एक जनुक कांदा पोसण्याची सुरुवात करते, दुसरे दिवस पुरेसा मोठा होईपर्यंत त्याला थोपवून धरते, आणि तिसरे थंडी मिळाल्यानंतर फुलोरा आणते. आपल्याकडे थंडीत सापडलेल्या रांगडा कांद्याला डेंगळे, म्हणजे फुलोऱ्याचे दांडे, येतात आणि बाजारात त्याचा भाव पडतो, तो प्रकार या तिसऱ्या जनुकाच्या अखत्यारीतला आहे. कांद्याच्या १,६०० कोटी अक्षरांत ही जनुके कोणत्याही खुणेशिवाय शोधायची म्हटली असती तर ते काम फारच अवघड गेले असते. त्यावरून डेंगळे न येणारा वाण निवडण्याचे काम इथल्या हवेत, इथल्या वाणांवरच करावे लागेल, आणि त्यासाठी आपल्या मुलीसारखी दोन्हीकडचे जाणणारी माणसे लागतील.

बागाईतदार, दिंडोरी

सर्वांचे मनापासून आभार. बाळी आणि घडाचा परिच्छेद मी बंधूंना मोठ्याने वाचून दाखवला आणि त्यांनी तो पुन्हा वाचायला लावला. त्यांचा पुढचा प्रश्न डावणीविषयी आहे: या रोपाला रोग होतात का, आणि त्यातून डावणीबद्दल काही कळले आहे का? मला स्वतःला असे विचारायचे आहे, की हे रोप आपल्याकडे हिवाळ्यात लावता येईल का? गावच्या शाळेत विज्ञानाचे शिक्षक उत्साही आहेत. मुलांना दाखवता आले तर बरे होईल.

रोपकक्ष

मी एका प्रयोगशाळेत रोपकक्षाची व्यवस्था पाहते आणि अ‍ॅराबिडॉप्सिस रोज हाताळते, म्हणून लागवडीबद्दल लिहिते.

बी सुमारे अर्धा मिलिमीटरचे, तांबूस तपकिरी असते. बोटाला लागले तर बोटाच्या रेषेत अडकून बसते, म्हणून आम्ही ते पाण्यात घेऊन पिपेटने एकेक थेंबाबरोबर सोडतो किंवा ओल्या टूथपिकच्या टोकाने उचलतो. पेरण्याआधी ओले बी दोन ते चार दिवस ४ अंश तापमानात, अंधारात ठेवतात, म्हणजे सगळे एकदम उगवते. कोकोपीट, व्हर्मिक्युलाइट आणि परलाइट यांच्या ओल्या मिश्रणावर बी नुसते ठेवायचे. वर माती टाकायची नाही, कारण त्याला उगवायला प्रकाश लागतो. सुरुवातीला ट्रेवर पारदर्शक झाकण असते. खोलीचे तापमान २२ अंशांच्या आसपास आणि प्रकाश दिवसाचे १६ तास. महिन्याभरात दांडा वर येतो. शेंगा पिवळ्या पडू लागल्या की झाडाला कागदी पिशवी घालतो, कारण त्या वाळल्या की जरा धक्का लागताच फुटतात आणि शेजारच्या ट्रेमध्ये बी मिसळले तर महिन्यांचे काम वाया जाते. वाळलेले झाड कागदावर चोळून बी बारीक गाळणीतून दोन-तीन वेळा काढले की ते स्वच्छ होते.

नवीन जनुक घालण्याची या रोपातील रीत दिंडोरीच्या माणसाला चटकन समजेल. द्राक्षाचे घड जसे जीएच्या द्रावणात बुडवतात, तसा कळ्यांनी भरलेला दांडा उलटा करून अ‍ॅग्रोबॅक्टेरियम जिवाणूंच्या साखरमिश्रित द्रावणात काही क्षण बुडवायचा. १९९८ पासून रूढ झालेल्या या पद्धतीत पुढच्या बियांपैकी साधारण शंभरात एका बियाणात नवीन जनुक उतरते. ऊतिसंवर्धनाची कटकट वाचल्यामुळे या रोपावरचे काम झपाट्याने वाढले. अर्थात अशा कामाला संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी लागते आणि ती रोपे बाहेर जाऊ दिली जात नाहीत.

आपल्याकडे उघड्यावर लावण्याबद्दल मी उत्साह दाखवणार नाही. निफाडचा पारा हिवाळ्यात कितीही उतरला तरी दुपारचे ऊन कडक असते, आणि २७ अंशांपुढे हे रोप पाने पुरती वाढण्याआधीच फुलोऱ्यावर येते. बीसुद्धा बाजारात मिळत नाही. ते अमेरिकेतील ओहायो आणि इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथील बीजसंग्रहांतून संशोधन संस्थांना मिळते आणि परदेशातून आणायला वनस्पती संगरोधाचा आयात परवाना लागतो. शाळेसाठी मोहरी लावा. तेच कुळ, तशाच चार पाकळ्या, सहा पुंकेसरांपैकी चार लांब आणि दोन आखूड, शेंगेत मधोमध पातळ पडदा. सगळे साध्या भिंगाखाली दिसते. फूल उघडून निदले, पाकळ्या आणि केसर कागदावर क्रमाने चिकटवायला सांगितले, तर वर मॅडमनी सांगितलेला फुलाचा क्रम मुलांना आयुष्यभर विसरता येणार नाही.

निफाडचा, आता प्रयोगशाळेत

डावणीबद्दल. अ‍ॅराबिडॉप्सिसलाही डावणी होते. द्राक्षावरील प्लाझमोपारा आणि त्या रोपावरील हायलोपेरोनोस्पोरा हे दोन्ही रोगकारक एकाच गटातील आहेत. दिसायला बुरशीसारखे, पण खऱ्या बुरशींपासून दूरचे. त्यामुळे डावणीचा रोगकारक पानात कसा शिरतो आणि झाड त्याला कसे ओळखते, याचा बराच अभ्यास त्या रोपावर झाला.

नेदरलँड्समधील एका गटाने अशी अ‍ॅराबिडॉप्सिसची रोपे शोधली ज्यांवर डावणी टिकाव धरत नव्हती. त्यांतील एकात डीएमआर६ नावाचे जनुक निकामी झालेले होते. २००८ मध्ये त्याची ओळख पटली. हे जनुक झाडातील सॅलिसिलिक आम्लाचे विघटन करणारे प्रथिन तयार करते. सॅलिसिलिक आम्ल हा झाडाचा रोगाविरुद्धचा अंतर्गत संदेश असल्यामुळे ते साठून राहिले की झाड सदैव सावध राहते. पुढे टोमॅटोत याचे भावंड क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने बंद केले तेव्हा अनेक रोगांविरुद्ध प्रतिकार वाढला. द्राक्षातही या जनुकाच्या दोन प्रती बंद करून पाहिल्या आहेत आणि त्या वेलींवर डावणीचे प्रमाण कमी आढळले आहे. भुरीची कथा वेगळ्या वाटेने जाते: एमएलओ नावाचे जनुक आधी बार्लीत माहीत होते, त्याचे काम अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये तपासले गेले आणि द्राक्षात त्याची क्रिया कमी केल्यावर भुरी घटली.

लासलगावच्या मित्रांचा इशारा इथे पूर्णपणे लागू पडतो. अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये डीएमआर६ आणि त्याचे जवळचे भावंड ही दोन्ही जनुके एकत्र बंद केली, तर सॅलिसिलिक आम्ल इतके वाढते की रोप खुजे राहते. रोगाला दाद न देणारी, पण वाढ खुंटलेली वेल बागाईतदाराच्या काय कामाची? कोणती प्रत बंद करावी, किती प्रमाणात करावी, मण्याच्या आकारावर आणि घडांच्या संख्येवर त्याचा काय परिणाम होतो, ही मोजमापे द्राक्षाच्या वेलीवर, उघड्या बागेत, काही हंगाम घ्यावी लागतील, आणि जनुक-संपादित वाण शेतात जाण्याआधी नियमांची वाटही चालावी लागेल. तोपर्यंत बंधूंनी ऑक्टोबर छाटणीनंतरच्या फवारण्या, पानांतून खेळती हवा आणि हवामान अंदाजावरची नजर यांपैकी काहीही सोडू नये.

मुलीला एक जरूर विचारा, की तिचा विषय संजीवकांचा आहे, फुलोऱ्याचा की रोगप्रतिकाराचा. ते कळले तर तिच्या कामाच्या सर्वांत जवळचा द्राक्षातील प्रश्न कोणता, हे मी इथेच लिहीन.